फडावरचा शास्त्रपाठ

गोदावरीच्या दक्षिणेस, बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात वसलेले आणि त्वरिता देवीच्या स्थानामुळे दूरवर परिचित असलेले तलवाडा हे गाव ज्या मुलुखात आहे, त्या मुलुखातील ख्रिस्ती शिक्षणाचा विचार करू पाहणाऱ्यास प्रथम साखर कारखान्यांच्या हंगामाचा विचार करावा लागतो. दसरा-दिवाळी उलटली की या भागातील कष्टकरी जोडपी, मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर वागवीत, संसार गाडीत घालून पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या वाटेला लागतात. नवरा आणि बायको मिळून तिथे एक कोयता गणला जातो, आणि गाळप संपेपर्यंत, म्हणजे फाल्गुन-चैत्र येईतो, त्यांचा मुक्काम उसाच्या फडाशेजारच्या कोपीत असतो. आता ख्रिस्ती वर्षाची मांडणी या हंगामाशेजारी ठेवून पाहावी. आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ आणि पुष्कळ वर्षी उत्तम शुक्रवार व पुनरुत्थानाचा रविवारही याच महिन्यांत येतात. ज्या सहा महिन्यांत ख्रिस्ताच्या जन्मापासून मरणापर्यंतची सारी कथा मंडळीत वाचली, गायिली आणि शिकवली जाते, नेमके तेच सहा महिने ऊसतोडीला जाणारे ख्रिस्ती घर मंडळीच्या हजेरीपटात गैरहजर राहते.

ख्रिस्ती शिक्षणात डिजिटल साधनांचा स्वीकार करावा की न करावा, ही चर्चा शहरांतील धर्मविद्यालयांत एका प्रकारे होईल. बीड जिल्ह्याच्या या विरळ वस्तीत तिचे स्वरूप अगदी निराळे आहे. इथे ख्रिस्ती घरे थोडी आणि विखुरलेली असल्याने एकेका पाळकाच्या वाट्याला दूरदूरची गावे येतात, आणि पोरांच्या रविवारच्या शाळेचा शिक्षक हा बहुधा दिवसभर मजुरी करून आलेला कुणी तरुण असतो. फडावर जाताना पाटी-पुस्तक मागे राहते, वडीलधारे मागे राहतात, उपासनागृह तर मागे राहतेच. बापाच्या खिशातला मोबाईल मात्र बरोबर जातो. शिक्षणाचे जे एकच साधन शिष्याबरोबर प्रवास करते, त्याकडे पाठ फिरवणे हे माझ्या मते कर्तव्यच्युतीच आहे.

तथापि साधन हाती आहे एवढ्यावरून त्याच्या उपयोगाची रीत ठरत नाही, आणि ती ठरवताना मराठी ख्रिस्ती परंपरेजवळ चारशे वर्षांचा अनुभव आहे, ज्याचे स्मरण आम्ही फार क्वचित करतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात प्रथम छापले गेले. त्यापूर्वी १६०८ मध्ये या जेझुइट पंडिताने आपल्या वरिष्ठांकडे देशी लिपीच्या खिळ्यांची मागणी लिहून पाठवली होती. परंतु खिळे मिळाले नाहीत, आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा तो मराठी ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. यंत्र होते, पण ते ज्यांच्यासाठी चालवावयाचे त्यांच्या अक्षरांना त्यात जागा नव्हती. असे असूनही तो ग्रंथ जगला, कारण रविवारी आणि सणावारी तो ख्रिस्तमंदिरांतून मोठ्याने वाचला गेला, ऐकणाऱ्यांच्या ओठी बसला आणि हस्तलिखितांतून उतरत राहिला. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेविरुद्ध हुकूम काढला, तरी त्या ओव्या लोकांच्या तोंडातून गेल्या नाहीत. छापखान्याने दिले त्याहून अधिक त्या ग्रंथाला श्रोत्यांनी दिले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

दुसरे उदाहरण याहून मला अधिक जवळचे वाटते, आणि त्यावर थोडे रेंगाळण्याची मुभा वाचकांनी द्यावी. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आणि वैधव्याच्या छळातून सुटून आलेल्या स्त्रियांसाठी जी अनेक कामे उभी केली, त्यांत एक छापखाना होता. रमाबाईंच्या मनात असे होते की पवित्र शास्त्र अल्पशिक्षित बाईलाही कळेल अशा सोप्या मराठीत उतरावे. त्यासाठी संस्कृतावर असामान्य प्रभुत्व असलेल्या या विदुषीने हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला, आयुष्याची अखेरची अनेक वर्षे भाषांतरात घालवली, आणि १९२२ च्या एप्रिलात देह ठेवण्यापूर्वी ते काम तडीस नेले. १९२४ मध्ये ते संपूर्ण बायबल बाहेर पडले. त्याचे खिळे जुळवण्याचे आणि पाने छापण्याचे काम मुक्तीतल्याच मुलींनी व स्त्रियांनी केले. ज्या स्त्रीला काही वर्षांपूर्वी आपले नावही लिहिता येत नव्हते, तिने शुभवर्तमानाचे एकेक अक्षर उलटे धरून चौकटीत बसवले, ओळ वाचली, चूक काढली आणि पुन्हा बसवली. धर्मशिक्षणाची याहून प्रगल्भ पद्धत मला ठाऊक नाही. ज्या यंत्रावर पुस्तक तयार झाले त्याच यंत्रापाशी ते वाचणारी स्त्रीही तयार झाली, कारण यंत्राची मूठ शिकणाऱ्याच्या हाती देण्यात आली होती.

आमच्या हाती आज जो मोबाईल आला आहे, तो याच कसोटीवर घासून पाहिला पाहिजे. तलवाड्याच्या परिसरातील किंवा दूर फडावरच्या ख्रिस्ती कुटुंबापर्यंत या यंत्रातून आज काय पोचते? प्रवचने पोचतात, गीते पोचतात, पवित्र शास्त्राचे वाचन ध्वनिरूपाने पोचते; यांपैकी शेवटची गोष्ट निःसंशय मोलाची आहे, कारण ज्या आईला वाचता येत नाही तिला लूकचे शुभवर्तमान आता चुलीपाशी बसून ऐकता येते. परंतु उरलेला बराच मजकूर दूरदेशीचा, अनोळखी वक्त्याचा आणि अनुवादाच्या ओढाताणीत मराठीपण गमावलेला असतो. आणि त्यातील सर्वांत मोठा दोष असा की तो एकाच दिशेने वाहतो. ऐकणाऱ्याने काय समजून घेतले, कुठे अडले, कशाने त्याचे मन दुखावले, हे सांगण्याची वाट त्यात नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी नगरच्या परिसरात भजन आणि कीर्तन यांना जवळ केले, त्यामागे निव्वळ देशी वेषाचा सोस नव्हता. समोरचा समुदाय धृपद उचलतो, टाळीत टाळी मिसळतो, म्हणजेच तो शिकवण्यात भागीदार होतो, हे त्या कविहृदयाने ओळखले होते.

विखुरलेल्या माणसांना शिकवावे कसे, या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकाने दिलेले उत्तर याच मराठवाड्यात, गोदावरीपलीकडे जालन्याजवळ पाहावयास मिळते. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या सरकारकडून जमीन मिळवून तिथे बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली. घरे, शेती, शाळा आणि उपासना एका कुसात आणली. माणसे एका जागी आणून शिकवावी, ही ती नीती. विसाव्या शतकाने ती उलटी केली. १९६३ मध्ये ग्वाटेमालातील एका प्रेस्बिटेरियन धर्मविद्यालयाच्या ध्यानी आले की खेड्यातील खरे पुढारी शेत आणि कुटुंब सोडून वसतिगृहात येऊ शकत नाहीत. तेव्हा विद्यालयच त्यांच्याकडे गेले. घरी स्वतः करावयाचा पाठ, ठराविक मुदतीने शिक्षकाशी होणारी भेट आणि आपल्याच मंडळीत प्रत्यक्ष सेवा, या तीन अंगांची ती पद्धत जगभर पसरली, आणि भारतातही १९७१ पासून बंगळूरच्या एका संस्थेने ती रुजवली.

ही तीन अंगे फडावरच्या जीवनाशी किती जुळतात, हे पाहिले की पुढची वाट दिसू लागते. पाठ दहा मिनिटांहून मोठा नसावा, कारण पहाटेच्या तोडीपूर्वी किंवा रात्री गाडी भरून झाल्यावर त्याहून अधिक उसंत नसते. तो बीड-गेवराईकडच्या बोलीला ओळखीच्या मराठीत, ओळखीच्या आवाजात असावा. इंटरनेटचा भरवसा नसल्याने गाव सोडण्यापूर्वीच तो मेमरी कार्डात भरून द्यावा. आणि प्रत्येक पाठाच्या शेवटी एक प्रश्न असावा, ज्याचे उत्तर त्या कुटुंबाने स्वतःच्या आवाजात नोंदवून, जिथे रेंज मिळेल तिथून पाळकाकडे धाडावे. द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांना मजुरी देणाऱ्या धन्याचा दाखला उसाच्या मोळ्या बांधणाऱ्या बाईने कसा ऐकला, हे तिच्याच तोंडून ऐकण्याची ज्या पाळकाला संधी मिळेल, त्याचे पुढचे प्रवचन पूर्वीसारखे राहणार नाही. कोप्यांच्या त्या वस्तीत एखादी जाणती स्त्री गटाची प्रमुख व्हावी. पूर्वीच्या मिशनांतील बायबलबाईंनी घरोघर जाऊन जे केले, तेच ती चार कोप्यांपुरते करील.

यात दोन गोष्टींचा बंदोबस्त अगत्याचा आहे. घरात मोबाईल एक असला तर तो पुरुषाच्या हाती असतो आणि मुलीच्या वाट्याला सर्वांत शेवटी येतो. म्हणून पाठ सर्वांनी मिळून ऐकण्याचाच असला पाहिजे, एकट्याने पाहण्याचा नव्हे. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. शिकणाऱ्या गरीब मुलांची छायाचित्रे काढून ती देणगीदारांकडे धाडण्याचा मोह धर्मकार्यात नेहमीच असतो, आणि या यंत्राने तो फार सुलभ केला आहे. उघड्या पायांच्या मुलाचे दैन्य त्याच्या अनुमतीवाचून जगापुढे मांडणे हे ख्रिस्ती नीतीत बसत नाही, मग त्यातून कितीही निधी जमो.

आणि यंत्राने जे होत नाही तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. २०२० च्या मार्चात देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा हजारो ऊसतोड कामगार कारखान्यांच्या परिसरात अडकून पडले. १२ एप्रिलला पुनरुत्थानाचा रविवार आला, शहरांतील मंडळ्यांनी पडद्यावर उपासना केली, आणि या कामगारांना गावी परतण्याची सरकारी परवानगी त्यानंतरच्या आठवड्यात मिळाली. त्या रविवारी ज्याच्या कोपीत आवाज पोचला त्याला आधार मिळाला असेल, यात शंका नाही. पण भाकर मोडून हातावर ठेवावी लागते, बाप्तिस्म्याचे पाणी मस्तकावर पडावे लागते, आणि शोक करणाऱ्याशेजारी कुणीतरी येऊन बसावे लागते. म्हणून हंगामात पाळकाने निदान एकदा फडावर गेलेच पाहिजे, आणि वैशाखात माणसे परतली की मंडळीने सणांचे राहिलेले शिक्षण एकत्र बसून पुरे केले पाहिजे. त्या वैशाखी बैठकीत हिवाळ्यात नोंदवलेली उत्तरे सर्वांना ऐकवावीत, आणि पुढच्या हंगामाचे पाठ तयार करताना त्यांतील काही आवाज, ज्यांचे आहेत त्यांना विचारून, पाठातच घालावेत, म्हणजे पुढच्या वर्षी फडावर शास्त्रपाठ सुरू होईल तेव्हा तो सांगणारी बाई शेजारच्याच कोपीतली असेल.