पुरे, हे कोणी म्हणावे?

घरात ऊब पुरेशी झाली की नाही, हे कोणाला विचारून ठरवावे? प्रश्न क्षुल्लक वाटेल. मलाही एका जानेवारीपर्यंत तो तसाच वाटत होता.

माझी धाकटी बहीण अमेरिकेत न्यू जर्सी येथे एका जुन्या दुमजली घरात राहते. तिकडची अशी कित्येक घरे हिवाळ्यात वाफेने गरम ठेवतात. तळघरात बॉयलर असतो. त्यातील वाफ नळाने वर चढते, प्रत्येक खोलीतील बिडाच्या रेडिएटरमध्ये शिरते, आपली उष्णता देऊन पाणी होते आणि त्याच नळाने खाली परतते. परंतु वाफ येण्यापूर्वी रेडिएटर काही रिकामा नसतो; तो हवेने भरलेला असतो. ती हवा बाहेर पडावी म्हणून त्याच्या कडेला अंगठ्यापेक्षा थोडे मोठे असे एक व्हेंट बसविलेले असते. थंड असता ते उघडे राहते व वाफेचा चटका लागताच आपोआप मिटते. ते बिघडून कायमचे मिटले, तर हवा आत कोंडते आणि वाफ उंबरठ्याशीच अडते. बॉयलर मात्र इमानाने धडधडत असतो.

त्या हिवाळ्यात आई तेथे होती. तिची खोली वरच्या मजल्यावर, अगदी मागच्या टोकाला. मी गेलो तेव्हा ती दोन शाली पांघरून बसलेली. हात लावून पाहिला तो रेडिएटर थंडगार! विचारले तर म्हणाली, “अरे, माझं काय, चालतंय की.” खाली हॉलमध्ये मेहुणे सदऱ्यावर बसले होते. भिंतीवरचा थर्मोस्टॅट ७० अंश फॅरनहाइट दाखवीत होता. खरी मेख येथेच आहे. बॉयलरला ‘आता पुरे’ असे सांगणारे यंत्र हॉलमध्ये, आणि हॉल बॉयलरच्या सर्वांत जवळ. ज्याला आधी ऊब मिळते, त्याच्याच शब्दावर सर्वांची ऊब बंद होते.

ग्वाल्हेर-इंदूरच्या थंडीत आपण शेगडीभोवती बसतो. तेथे दाराशी कोण कुडकुडते आहे हे सर्वांना दिसते, आणि कोणीतरी सरकून जागा देतो. भिंती मध्ये आल्या की हे दिसणे संपते. मग मेहुण्यांना दोष द्यावा काय? ते रोज सकाळी आईची विचारपूस करीत. ती रोज ‘ठीक आहे’ म्हणे. त्यांनी तिच्या वाटची ऊब हिरावली नव्हती. तरीही मला वाटते, न कळणे हा अपराध नसला, तरी ‘मला कळले नाही’ एवढ्यावर माणूस सुटत नाही. परक्या घरी राहणारी म्हातारी गैरसोय बोलून दाखवीत नाही, हे आपणा सर्वांना ठाऊक असते. मुलीचे घर झाले तरी आमच्या आईच्या पिढीला ते जावयाचेच. तेव्हा तिच्या उत्तरावर विसंबण्यात आपलीही थोडी सोय असते.

मेहुणे म्हणाले, “बॉयलरचा दाब वाढवू.” हा उपाय सर्वांनाच प्रथम सुचतो. पण अशा घराला चौरस इंचास दोन पौंडांहून कमी दाब पुरतो, आणि दाब फार चढला तर काही चांगली व्हेंटेही मिटलेलीच राहतात. वाफ कमी नव्हती. तिला वाट नव्हती.

शनिवारी बॉयलर बंद केला. रेडिएटर निवू दिला. जुने व्हेंट पान्याने उलटे फिरवून काढले. कोणी रंगाऱ्याने त्यावर रंगाचे थर चढविले होते. फुंकून पाहिले, हवा जाईना. नव्याच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळली आणि ते सरळ उभे राहील असे बसविले. पाऊण तासाचे काम. रेडिएटर तापला खरा, पण हॉल लौकर तापून बॉयलर थांबे आणि मागची खोली अर्धवट कोमट राही.

तेव्हा दुकानदाराने सुचविले की हॉलचे व्हेंटही बदला: तेथे सावकाश हवा सोडणारे बसवा, मागच्या खोलीत झपाट्याने सोडणारे. शाळकरी भाच्याने हरकत घेतली, “सर्वांना सारखंच का नको?” हरकत रास्त होती. मी त्याला नळाबरोबर चालत नेले: हॉलपर्यंत दहा-बारा पावले, आजीच्या खोलीपर्यंत दोन वळणे नि एक मजला. सारखे व्हेंट लावले, तर ज्याची वाट लांब त्याला रोज उशीर. मुलगा गप्प झाला; पटले म्हणून की कंटाळला म्हणून, सांगवत नाही.

याची किंमतही पडली, ती लपवीत नाही. हॉल आता पूर्वीपेक्षा उशिरा तापतो, आणि सकाळी शाळेस निघताना भाचा कुरकुरतो.

तिसऱ्या दिवशी आईने एक शाल घडी करून ठेवली. आता बरे वाटते ना, असे विचारले, तर म्हणे, “मला आधीही चालतच होतं.” बहिणीने त्या दुपारी बाजारातून एक लहानसे थर्मामीटर आणले व आईच्या खोलीत, पलंगाशेजारच्या भिंतीवर टांगले.