खरखर, पाठ आणि शब्दाचे नित्यत्व

लॅपटॉपवर ध्वनिमुद्रित सप्तशती लावली आणि स्पीकरमधून खरखर येऊ लागली, तर नेमके काय बिघडले? यंत्र, आवाज की पाठच? कळवण तालुक्यात या प्रश्नाला वेगळे वजन आहे. साडेतीन शक्तिपीठांतले अर्धे पीठ मानला जाणारा सप्तशृंगगड याच तालुक्यात, नांदुरीच्या वर आहे. अठरा हातांच्या देवीची मान एका बाजूला किंचित कललेली आहे. समोरच्या मार्कंड्या डोंगरावरून मार्कंडेय ऋषी पुराण सांगत आणि देवी ते कान देऊन ऐके, असे परंपरा सांगते. तेरा अध्यायांची दुर्गासप्तशतीही मार्कंडेयपुराणातलीच. मधली दरी ओलांडून शब्द धड पोचतो, हे या कथेने गृहीतच धरले आहे. तो कसा पोचतो याबद्दल मात्र दर्शनांत एकमत नाही.

न्याय-वैशेषिकांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण आहे. तो उत्पन्न होतो आणि लगेच नष्ट होतो. ढोलावर टिपरू पडले किंवा बांबू चिरला की पहिला शब्द जन्मतो, तो दुसऱ्याला जन्म देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि कानाशी पोचतो तो या मालिकेतला शेवटचा. म्हणजे पुढ्यात बसलेल्या गुरुजींच्या मुखातला पहिला शब्दसुद्धा कोणी ऐकत नाही. या मताला स्पीकरचे वावडे असण्याचे कारण नाही. त्याच्या पडद्यातून निघणारा शब्द नवा आहे, आणि खरखर हाही शब्दच, फक्त वर्णरूप नसलेला.

मीमांसकांना हे मान्य नाही. त्यांच्या लेखी वर्ण नित्य आहेत. उच्चार त्यांना निर्माण करत नाही, केवळ प्रकट करतो. यावरचा जुना आक्षेप असा की, पुष्कळ जण एकदम बोलले तर शब्द मोठा होतो, मग नित्य वस्तू वाढते कशी? जैमिनीच्या सूत्रांनी त्याला उत्तर दिले आहे: वाढतो तो नाद, शब्द नव्हे. आवाजाची पट्टी शंभरावर नेली तरी ‘क’ मोठा होत नाही. त्याच न्यायाने खरखर ही नादाची बाब ठरते आणि शब्द तिच्यापासून अलिप्त राहतो.

हे उत्तर सुटसुटीत आहे, जरा जास्तच. कारण सगळी खरखर एका जातीची नसते. इथे वैयाकरण अधिक उपयोगी पडतात. लोप, आगम आणि वर्णविकार जाणणाराच वेदांचे नीट रक्षण करील, असे पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी व्याकरणाचे प्रयोजन सांगताना म्हटले आहे. स्पीकरचे दोषही याच तीन खणांत बसतात. सैल तार, फाटलेला पडदा, चुंबकाला चिकटलेले लोखंडाचे कण, चार्जर लावल्यावर येणारी गुणगुण हा आगम होय: वर्ण शाबूत असतात, त्यांच्यावर काहीतरी जास्तीचे येऊन बसते. लोप निराळा. संगणकात ध्वनी सेकंदाला 44,100 किंवा 48,000 नमुन्यांच्या रूपात हाताळला जातो. प्रोसेसर दुसऱ्या कामात अडकला किंवा ड्रायव्हरने उशीर केला की बफर रिकामा पडतो, आणि त्या खंडाच्या कडा ‘टक टक’ अशा ऐकू येतात. खंड लांबला तर आख्खे व्यंजन गळते. तेव्हा नादाला दोष देऊन भागत नाही; पाठात अक्षरच आलेले नसते. तिसरा प्रकार विकाराचा. आवाज झेपेना इतका वाढवला की लहरींची शिखरे छाटली जातात आणि मऊ वर्ण कर्कश होतो. मात्र लहरींची आवर्तने तीच राहत असल्याने स्वराची उंची टिकते. त्वष्ट्याच्या यज्ञात ‘इंद्रशत्रू’ या पदाचा स्वर चुकून अर्थ उलटला, तसा अनर्थ निदान या दोषाने होत नाही.

दोष कोणत्या खणातला, हे ठरवण्याची रीत अन्वय-व्यतिरेकाची: अमुक असताना खरखर आहे, नसताना नाही. हेडफोन लावल्यावर ती थांबली तर फाइल निर्दोष. संशय स्पीकरवर, त्याच्या तारेवर किंवा त्याला वीज पुरवणाऱ्या ॲम्प्लिफायरवर येतो. हेडफोनमध्येही राहिली तर दुसरी फाइल लावून पाहावी. तरीही हटली नाही, तर ध्वनिसुधारणेच्या सेटिंग बंद कराव्यात, ड्रायव्हर पुन्हा बसवावा. पेन ड्राइव्हवरून दुसरी प्रणाली चालवून आवाज स्वच्छ आला, तर दोष सॉफ्टवेअरचा. चार्जर काढून पाहणे सर्वांत सोपे, आणि नेमके तेच शेवटी सुचते.

नैयायिक इथे उपाधीचा इशारा देतात. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात तो नसतो, त्यासाठी ओले सरपण लागते. ‘आवाज वाढवला की खरखर येते’ ही व्याप्तीही अशीच फसवी आहे. धड स्पीकर मोठ्या आवाजातही खरखरत नाही; फाटका पडदा किंवा छाटलेली लहर ही तिथली उपाधी. ती न शोधता आवाज कमी ठेवणे म्हणजे दोष झाकणे.

राहतो प्रश्न पाठाचा. पाणिनीय शिक्षेने अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत गाऊन म्हणणारा, घाई करणारा, लिहिलेले वाचणारा आणि अर्थ न जाणणारा येतात. लॅपटॉप शेवटच्या दोहोंत बिनबोभाट बसेल. पण मुळात तो पाठक ठरत नाही, कारण संकल्प करणारा कर्ता तो नव्हे. ध्वनिमुद्रण लावणे हे श्रवण आहे, पठण नव्हे. पठणाच्या शेवटी गळलेल्या अक्षरांबद्दल क्षमा मागण्याची रीत आहे, ती म्हणणाऱ्याच्या चुकीसाठी. यंत्राने गाळलेले अक्षर त्या क्षमेत मोडत नाही. तो भाग मागे नेऊन पुन्हा ऐकावा लागतो, आणि मूळ मुद्रणातच ते नसेल तर दुसरे मुद्रण शोधावे लागते.