अनासक्ती आणि युद्ध

दर्शनास येणारे भाविक कधी कधी एक शंका बोलून दाखवितात. सर्वांभूती समभाव शिकविणारी गीता अर्जुनास युद्धास कशी प्रवृत्त करते? फळाची आसक्ती सोडली, म्हणजे हत्येचाही दोष उरत नाही काय?

सिमोन वेल या फ्रेंच विदुषीने हा प्रश्न जिवास लावून घेतला. इ.स. १९०९ मध्ये पॅरिस येथील ज्यू कुटुंबात जन्मलेल्या सिमोन यांची श्रद्धा पुढे ख्रिस्तचरणी स्थिरावली. आरंभी त्या युद्धाच्या विरोधी होत्या. १९३९ मध्ये हिटलरने प्राग घेतल्यावर ती भूमिका त्यांना सोडावी लागली. १९४० च्या वसंतात, महायुद्ध सुरू असताना, त्यांनी गीता वाचली व पुढे संस्कृतचे अध्ययन केले. अर्जुनाची करुणा फार उशिरा जागी झाली, असे त्यांस वाटले. शस्त्र घेऊन रणांगणी उभे राहिल्यावर वाटेल ते करण्याचे स्वातंत्र्य मनुष्यास उरत नाही.

विनोबाजींनीही १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगातील गीता-प्रवचनांत न्यायाधीशाचा दृष्टान्त दिला आहे. शेकडोंना फाशी देणाऱ्यास स्वतःचा मुलगा आरोपी म्हणून समोर येताच फाशी अमानुष वाटू लागली. अर्जुनाच्या मुखी अहिंसा होती, अंतरी मात्र स्वजनांचा मोह होता.

तथापि, निर्विकार मनाने मारावे, असा अर्थ यातून काढणे घातक होय. अत्याचारीही स्वतःस निर्विकार म्हणवू शकतो. अनासक्तीची किंमत कोण मोजतो, हे पाहिले पाहिजे. शस्त्राविना थेट आघाडीवर जाऊन जखमींची शुश्रूषा करणारे परिचारिकांचे पथक असावे व त्यात आपणही जावे, अशी योजना सिमोन यांनी लंडनमधील स्वतंत्र फ्रान्सच्या संघटनेपुढे मांडली. ती नाकारली गेली. क्षयाने आजारी असतानाही मायदेशीच्या पीडितांहून अधिक अन्न घेण्यास त्या राजी नव्हत्या. २४ ऑगस्ट १९४३ रोजी, वयाच्या ३४ व्या वर्षी, इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. या देहदंडाचे अनुकरण करावे, असे नव्हे. पण त्यांच्या अनासक्तीचा भार त्यांनी दुसऱ्यावर टाकला नाही, हे ध्यानी घ्यावे.

भाविकहो, सोडावयाचे ते स्वतःचे फळ. दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव नव्हे. कळमन्याच्या बाजारात धान्य तोलणाऱ्यास आणि देवाच्या दारी दान देणाऱ्यास हा एकच नियम लागू आहे. आपले नाव पाटीवर लागले की नाही, याविषयी उदासीन असावे. पंगतीतील शेवटचा मनुष्य जेवला की नाही, याविषयी कधीही उदासीन असू नये.