खोक्यातली शर्यत

माणसाने काय जमवावे याला शास्त्रात बंधन नाही, आणि असते तरी माणसाने ते पाळले नसते. कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कुणी नाणी, कुणी काडेपेट्यांवरची चित्रे. आमच्या नांदेडात एक गृहस्थ दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका जमवतात. त्यांतली काही लग्ने केव्हाच मोडली, पत्रिका मात्र कोऱ्या करकरीत आहेत. अशा माणसाला "कशाला हो?" असे विचारू नये, हा सभ्यपणाचा पहिला नियम. आमच्या लातूरच्या दाजींपुढे मला तो पाळणे जमले नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा आडतीचा. तूर, हरभरा, सोयाबीन. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांतल्या कोणत्या रस्त्याने भावाची अफवा येते आणि कोणत्या रस्त्याने खरा भाव, हे दाजींना गादीवर बसल्याबसल्या कळते. असा हिशेबी माणूस साठीच्या उंबरठ्यावर खेळण्यातल्या मोटारी जमवू लागला. त्याही साध्यासुध्या नव्हेत. प्लॅस्टिकच्या विटा एकमेकींत बसवून करायच्या, शर्यतीच्या, आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या! थोरला मुलगा जर्मनीत आहे. तो तिकडच्या जुन्या बाजारात शोधून पाठवतो, आणि दाजी त्या काचेच्या कपाटात ठेवतात. मुलगा अधूनमधून आईला फोनवर हळूच विचारतो, "बाबांची तब्येत बरी आहे ना?"

या विटांचे माहेर डेन्मार्कमधले बिलुंड हे गाव. ओले कर्क क्रिस्तियानसेन हा तिथला सुतार. मंदीच्या दिवसांत कामाला गिऱ्हाईक मिळेना म्हणून १९३२ साली तो लाकडी खेळणी करू लागला. १९३४ साली त्याने कारखान्याला 'लेगो' हे नाव दिले. 'चांगले खेळा' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांची ती संधी आहे. वर खुंट्या आणि आत नळ्या असलेल्या विटेच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल झाला, आणि त्या साली केलेली वीट आजच्या विटेत अजून चपखल बसते. आमच्या घरी तीन वर्षांपूर्वीच्या मिक्सरचे झाकण आजच्या भांड्याला बसत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या कर्तबगारीची कल्पना येईल. १९७५ साली त्यांचा फॉर्म्युला वन गाडीचा ३९२ क्रमांकाचा संच निघाला. १९७७ साली मोटारीचा नुसता सांगाडा निघाला. त्यात गाडी ढकलली की इंजिनातले पिस्टन खालीवर होतात आणि स्टिअरिंग फिरवले की पुढची चाके वळतात. होतात म्हणे, वळतात म्हणे. कारण दाजींच्या कपाटातल्या सांगाड्याचे खोके अजून उघडलेलेच नव्हते.

या बाजाराचा कायदा दाजींनी मला समजावून दिला.

"मास्तर, सील असलेलं खोकं सगळ्यांत महाग. उघडलेलं, पण तुकडे पुरे असलेलं, त्याच्या खाली. अन् पोरं खेळलेलं म्हणजे डागी माल."

"म्हणजे ज्याच्याशी कुणी कधी खेळलंच नाही, ते खेळणं सगळ्यांत चांगलं?"

"चांगलं कुठं म्हणालो? महाग म्हणालो."

आडत्याच्या गादीवर तत्त्वज्ञान बसते ते असे. महाग आणि चांगले यांतला हा फरक कळायला इतरांना पोथ्या वाचाव्या लागतात. पण फरक कळूनही कुलूप तसेच राहते, हीच तर गंमत आहे.

आपण मध्यमवर्गीय मंडळींनी दाजींना हसण्याचे कारण नाही. येणार-येणार म्हणून कधीच न आलेल्या पाहुण्यांसाठी कपबश्यांचा एक संच आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. सोफ्यावर खोळ, खोळीवर चादर, आणि टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत. वस्तू आपल्यासाठी की आपण वस्तूसाठी, हा प्रश्न आपण पिशवीची गाठ मारताना विचारत नाही. पण खेळण्याचे थोडे वेगळे आहे. कपात चहा ओतला नाही तरी तो कपच असतो. ज्याच्याशी कुणी खेळायचेच नाही, त्याला खेळणे का म्हणावे?

शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकाचे नावच मुळी मातीच्या खेळण्यातल्या गाडीवरून पडले. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजाऱ्याच्या पोरासारखी सोन्याची गाडी हवी म्हणून रडतो. वसंतसेनेला कणव येते आणि ती आपले दागिने त्याच्या मातीच्या गाडीत घालते. किती प्रेमाची गोष्ट! पण पुढे काय होते? तेच दागिने न्यायसभेत चारुदत्ताच्या विरुद्ध पुरावा म्हणून पडतात आणि बिचारा सुळावर जाता जाता वाचतो. खेळण्यात सोने भरले की ते पोराच्या हातून निसटते आणि मोठ्यांच्या कज्ज्यात जाऊन पडते.

हे मी दाजींना ऐकवले. आडत्या ऐकून घेतो, पण भाव सोडत नाही. ते म्हणाले, "मास्तर, कुणी जपलंच नाही तर पुढच्यांनी बघायचं काय? तेरला जाऊन या."

मुद्दा बिनतोड होता. तेर म्हणजे जुने तगर, सातवाहनांच्या काळातली मोठी पेठ. तिथल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी मातीत सापडणाऱ्या मूर्ती, मणी, भांडी एकेक करून गोळा केली. त्यांच्याच नावाचे सरकारी वस्तुसंग्रहालय आज तिथे उभे आहे. असा एक ध्यास घेतलेला माणूस नसता तर तो ठेवा विखरून गेला असता. तेव्हा जमवणाऱ्यांना वेडे म्हणण्यापूर्वी दोन हात जोडावेत. मात्र एक गोष्ट मी दाजींच्या कानावर घातली. तेरच्या भांड्यांत आधी कुणीतरी जेवले होते, ते मणी कुणाच्या तरी गळ्यात होते. त्या वस्तू आधी जगल्या आणि मग जपल्या गेल्या. सील फोडून.

गेल्या वेळ अमावास्येला मी लातूरला होतो. येळवशीला सारे लातूर शेतात जाते. शहरात उरतात ती कुत्री आणि माझ्यासारखे चुकलेले नांदेडकर, पण मलाही बहिणीने ओढून नेले. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, भज्जी-आंबील झाली. मग दाजींनी ज्वारीची वाळली धाटे घेतली, आतला मऊ गाभा आणि वरची साल वेगळी केली, आणि सालीचे तुकडे खिळ्यांसारखे टोचून दहा मिनिटांत चाकांसकट बैलगाडी उभी केली. ना खोके, ना चित्र, ना माहितीपत्रक. धाकट्या मुलाचा मुलगा, पहिलीतला नातू, ती घेऊन पळाला आणि तासाभरात मोडून परत आला. दाजी पोट धरून हसले.

मी म्हटले, "दाजी, ही मोडली तर हसलात. कपाटातल्या गाडीला मात्र त्याला बोट लावू देत नाही."

दाजी थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही मला येती. मोडली तर दुसरी करीन. बहात्तरच्या दुष्काळात मी सात वर्षांचा होतो, मास्तर. आई कामावर खडी फोडायची. मी ढिगापाशी बसून खडीवर खडी रचायचो. घर करायचो, गाडी करायचो. मुकादम यायच्या आत मोडून ठेवायचं. ढीग मोजायचा असायचा ना! तीन वर्षांनी तिकडं ही शर्यतीची गाडी निघाली. मला काय ठाऊक? तुम्ही लोक खेळलेलं आठवता. मी न खेळलेलं जमवायलो."

यावर बोलायला मास्तरकीची पस्तीस वर्षे पुरली नाहीत. माझे वडील कारकून होते. माळेगावच्या जत्रेतून त्यांनी मला पत्र्याची मोटार आणून दिली होती. ती संध्याकाळपर्यंतच टिकली, पण संध्याकाळपर्यंत माझी होती. ज्याला तेवढेही मिळाले नाही, त्याने पन्नास वर्षांनी स्वतःच्या पैशाने आणलेले खोके उघड म्हणून सांगणारा मी कोण?

तरीही एक हिशेब मनातून जाईना. आठ खुंट्यांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या तर त्या ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ तऱ्हांनी जोडता येतात. गणितज्ञांनी मोजले आहे. सहा विटांची ही श्रीमंती! आणि बंद खोक्यात त्याच विटांची तऱ्हा एकच, झाकणावर छापलेली. सात वर्षांच्या दाजींनी खडीतून जे केले ते चित्र बघून केले नव्हते. त्यांचे राहून गेलेले बालपण खोक्याच्या आत होते. ते विकत घेतले होते, पण पोचपावती अजून द्यायची होती.

दाजींच्याच भाषेत सांगायचे तर धान्य दोघे धरून ठेवतात. व्यापारी भाव यावा म्हणून, शेतकरी पाऊस यावा म्हणून. पोते बाहेरून सारखेच दिसते. पण बियाणे फार वर्षे ठेवले तर उगवत नाही, हे आडत्याला मी सांगायला नको.

प्रश्न एकट्या दाजींच्या कपाटाचा असता तर मी नांदेडला येऊन स्वस्थ झोपलो असतो. पण 'लातूर पॅटर्न'च्या या गावात गावोगावची हजारो पोरे खोल्या घेऊन राहतात, पहाटेपासून रात्रीपर्यंत शिकवणीला जातात. "एकदा बारावी होऊ दे, मग खेळ काय खेळायचं ते!" हे वाक्य नांदेडातही घरोघरी रोज ऐकू येते. त्यात आईबापांची माया आहे, गरिबीची धास्ती आहे. खडी फोडलेल्या आईचा नातू डॉक्टर व्हावा, यात चूक ते काय? पण आपण पोरांचे बालपणसुद्धा सील करून ठेवतो आहोत, पुढे भाव येईल म्हणून. भाव येतोही. फक्त खोके उघडेपर्यंत आतला गडी मोठा झालेला असतो.

निघताना दाजी म्हणाले, "ही सगळी खोकी नातवाच्याच नावावर करणार आहे. बारावी झाली की त्याची."

"दाजी," मी म्हटले, "तोवर त्याला खेळावंसं वाटलं म्हणजे मिळवलं."

दाजी गप्प झाले. आडत्या गप्प झाला म्हणजे सौदा मोडला असे समजू नये.

परवा बहिणीचा फोन आला. पंच्याहत्तर सालच्या गाडीचे सील फुटले होते. मी हळूच विचारले, "भाव किती पडला म्हणाले?"

"ते नंतर विचार," ती म्हणाली. "एक चाक कपाटाखाली गेलंय. आजा-नातू दोघं बॅटरी घेऊन पालथे पडून शोधायलेत, अन् पहिल्यांदा कुणी चालवायची म्हणून भांडण चाललंय."