बेडशाची ओसरी आणि पहिली आवृत्ती

नवा तंत्रज्ञान-उद्योग, म्हणजे आजच्या भाषेतले स्टार्टअप, सुरुवातीच्या वर्षांत कसे चालावे याचा विचार करताना मावळातली तीन लेणी डोळ्यांपुढे ठेवावीत. भाजे, बेडसे आणि कार्ले ही लेणी एकमेकांपासून फार दूर नाहीत आणि इ.स.पूर्व दुसऱ्या शतकापासून पुढे साधारण याच क्रमाने कोरली गेली. भाज्याच्या चैत्यगृहातले खांब आत कललेले आहेत. लाकडी बांधकामात छताचा रेटा पेलायला तसा कल लागे. दगडात गरज नसतानाही सवयीने तसेच उतरले. तिथला दर्शनी भागही लाकडीच होता, तो काळाबरोबर गेला. बेडशाला दर्शनी भाग दगडात आला, ओसरीत घंटाकृती शिरोभागांचे उंच खांब उभे राहिले आणि त्यांवर हत्ती, घोडे, बैल नि त्यांचे स्वार बसले. आतले खांब मात्र साधे अष्टकोनीच ठेवले. ते शिरोभाग आत नेण्याचे काम कार्ल्याने केले. बेडशाच्या विहाराला चैत्यगृहासारखी अर्धगोल पाठ आणि कमानी छत आहे. हा घाट पुढे फारसा कोणी उचलला नाही. तरीही तो विहार वाया गेला असे कसे म्हणावे? भिक्षू त्यात राहत होते.

यातली प्रत्येक पायरी लहान होती, पण वापरण्याजोगी होती, आणि दगडातली चूक पुसता येत नसल्याने दुरुस्ती पुढच्या डोंगरावरच व्हायची. संगणकाच्या प्रणालीत चूक एका रात्रीत पुसता येते. नव्या उद्योगाची खरी श्रीमंती हीच आहे, आणि घाईने घेतलेले मोठे भांडवल पहिल्यांदा तिच्यावरच घाला घालते. पन्नास माणसे नेमली, जागा भाड्याने घेतली, गुंतवणूकदाराला वाढीचे आकडे कबूल केले, की मग गिऱ्हाईक काही वेगळेच मागते आहे हे दिसूनही वस्तू बदलायला हात धजत नाही. व्हायरसविरोधी प्रणाली बनवणाऱ्या पुण्यातल्या क्विक हीलचा प्रवास उलट दिशेने झाला. कैलाश काटकर यांनी कॅल्क्युलेटर-दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि पुढे संगणकांच्या देखभालीची कामे घेतली. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरसचा उपद्रव दिसू लागला तेव्हा धाकटे बंधू संजय यांनी त्यावर प्रणाली लिहिली. टेबलावर उघडून पडलेला गिऱ्हाइकाचा बिघडलेला संगणक हाच त्यांचा बाजाराचा अभ्यास होता. सिकोया या गुंतवणूकदार संस्थेचे भांडवल 2010 साली आले, म्हणजे वस्तूचा घाट सापडून पुष्कळ वर्षे झाल्यावर.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, आज जो आधी पसरतो तोच बाजार मारतो. ज्या सेवेची किंमत वापरणाऱ्यांच्या संख्येवरच ठरते, तिथे हे खरे आहे. पण अशा सेवा मोजक्या, आणि त्यांची उदाहरणे देऊन शेतीच्या, दवाखान्याच्या किंवा कारखान्याच्या प्रणालीलाही पळायला लावणे चूक आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: काही उद्योग लहान सुरूच होत नाहीत. काचेची भट्टी रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाही. थंड झाली की तडे जातात. याचे उत्तर मावळातच, तळेगावात आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा जमवण्याची कल्पना मांडली, टिळकांनी ती उचलून धरली, आणि पैसा फंडाचा काच कारखाना 1908 साली उभा राहिला. परदेशात काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे आले. कारखान्याने कारागीर घडवले आणि ते देशातल्या इतर काच कारखान्यांत गेले. केवळ ताळेबंद वाचणाऱ्याला ही कमाई दिसणार नाही. मला ती नफ्याहून मोठी वाटते. भट्टी एकाला परवडत नसेल, तर ती अनेकांची असावी आणि शिकण्यासाठी खुली असावी.

पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातले व्हेंचर सेंटर 2007 पासून हेच करते आहे. महागडी उपकरणे विकत न घेता विज्ञानातल्या नव्या उद्योगांना तिथे ती वापरता येतात. तळेगाव-चाकणच्या पट्ट्यात यंत्रे आणि ती जाणणारी माणसे यांची वाण नाही. तिथल्या पोरांना स्वतःच्या कल्पनेचा पहिला नमुना कातून पाहायला, तो मोडून पुन्हा कातायला, तासाच्या भाड्याने लेथ आणि मिलिंग मशीन मिळाले पाहिजे, आणि त्यासाठी कुणाकडेही वाढीचे आकडे लिहून द्यावे लागता कामा नयेत.