श्लोक 12.19: अनिकेत आणि आमचं भाड्याचं घर



बारावा अध्याय संपत आला. 13व्या श्लोकापासून भगवंत आपल्याला प्रिय असणाऱ्या भक्ताची लक्षणं सांगताहेत, आणि आज त्यातला 19वा श्लोक. निंदा-स्तुती सारखी मानणारा, मोजकं बोलणारा, मिळेल त्यात समाधानी असणारा, अनिकेत आणि स्थिर बुद्धीचा. समाधानावर मागे दोनदा लिहून झालंय, मौनावर न लिहिलेलंच बरं, म्हणून आज फक्त अनिकेत. निकेत म्हणजे राहण्याची जागा, घर. ते ज्याला नाही तो अनिकेत.

या एका शब्दापाशी मी आठवडाभर थांबलोय, कारण आमच्याकडे सध्या दुसरा विषयच नाही. 2021 साली वाकडला राहायला आलो तेव्हा टू-बीएचकेचं भाडं 21,000 होतं. आता करार संपतोय आणि घरमालक 36,000 म्हणताहेत. माणूस वाईट नाही, आजूबाजूला हाच भाव चाललाय. विकत घ्यायचं तर 80 लाखांचं कर्ज, 8.5 टक्क्यांनी 20 वर्षं. हप्ता 69,400च्या घरात, आणि शेवटी बँकेकडे जातात साधारण 1 कोटी 66 लाख. म्हणजे एक घर आपल्याला आणि एक बँकेला. मुद्रांक शुल्क वगैरे अजून धरलेलंच नाही. दुसरीकडे माझं ऑफिस महिन्यातून चारच दिवस बोलावतं, आणि कराडला आईबाबांचं स्वतःचं घर आहे, वरचा मजला रिकामा. एक्सेलमध्ये टाकलं की उत्तर लगेच येतं: कराड. फरक एवढा मोठा आहे की दुसरा कॉलम बघायचीही गरज नाही.

आणि नेमका अशा वेळी पारायणात हा शब्द समोर आला. घरात गुंतू नका, असं साक्षात भगवंत म्हणताहेत, मग पुण्याचा मोह कशाला? पण थोडं थांबलं की दिसतं, हाच शब्द उलटाही वापरता येतो. आईबाबांच्या घराचा मोह कशाला, आहोत तिथेच भाड्याने राहू. शब्द इतका सोयीचा वाटायला लागला की मी टीका काढून बसतो.

शंकराचार्य अनिकेतचा अर्थ सरळ घेतात: ज्याचा निवास ठरलेला नाही तो. संन्यासी डोळ्यांसमोर ठेवून केलेला हा अर्थ. रामानुजाचार्यांचा रोख वेगळा आहे. बुद्धी आत्म्यात स्थिर झाल्यामुळे घरादाराची आसक्ती ज्याला उरली नाही तो अनिकेत. घर असेल, नसेल, त्यावर ते अडत नाहीत. माउली वाऱ्याचा दाखला देतात. वाऱ्याचं बिऱ्हाड एका जागी नसतं, सगळं आकाशच त्याची वस्ती असते, तसं सगळं जगच या भक्ताचं विश्रांतीचं ठिकाण असतं. ज्ञानेश्वरी 1290 साली नेवाशात झाली. आपेगाव, आळंदी, पैठण आणि मग नेवासं, असा त्या भावंडांचा प्रवास परंपरा सांगते. बिऱ्हाड हलवणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता हा शब्द कोण कुणाला सांगतंय ते बघा. समोर अर्जुन आहे. तेरा वर्षं घराबाहेर काढलेला. युद्धाच्या आधी पाच गावं तरी द्या, एवढीच मागणी घेऊन स्वतः श्रीकृष्ण हस्तिनापूरला शिष्टाईला गेले होते. जागेसाठी रदबदली करणारेच अनिकेत व्हायला सांगताहेत. म्हणजे राहायला हक्काची जागा मागणं हे भक्ताला न शोभणारं आहे, असा अर्थ इथून निघत नाही. मला तरी काढता येत नाही.

आणि सांगणाऱ्यांनी स्वतः गाव सोडलेलं आहे. जरासंधाच्या सततच्या स्वाऱ्यांनी मथुरा टेकीला आली, तेव्हा ते सगळं सोडून पश्चिम किनाऱ्यावर गेले, द्वारका वसवली. रणछोड हे नाव त्यावरूनच पडलं, आणि गुजरातेत लोक ते प्रेमाने घेतात. तेव्हा परवडत नाही म्हणून शहर सोडणं यात कमीपणा काही नाही, हा मुद्दा माझ्यापुरता मिटला. पण मथुरेच्या गोष्टीत एक बारीक तपशील आहे. ते एकटे गेले नाहीत. सगळ्या यादवांना आधी सुरक्षित हलवलं. जाण्याची किंमत मागे राहणाऱ्यांवर टाकली नाही.

इथे माझी एक्सेल शीट बंद पडते.

माझं काम लॅपटॉपमध्ये आहे. बायको फिजिओथेरपिस्ट आहे. सात वर्षांत तिने पेशंट जोडलेत, त्यातले अर्धे एकमेकांच्या सांगण्यावरून आलेले. पॅरॅलिसिसनंतर एका आजोबांनी गेल्या महिन्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने चहाचा कप उचलला, त्या दिवशी ही घरी आली तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघायला हवं होतं. कराडचा विषय निघाल्यावर ती भांडली नाही, एवढंच म्हणाली, "तुझं काम बॅगेत मावतं. माझं नाही मावत." शीटमध्ये तिचं उत्पन्न मी धरलं आहे, तिथे कमी होईल ते वजाही केलंय. ते आजोबा कुठल्या कॉलममध्ये घालायचे?

आसक्ती सोडायची तर ती माझी मी सोडायची. मी सहज हलू शकतो म्हणून मी अनिकेत, आणि तिला जड जातंय म्हणून ती मोहात अडकलेली, हा हिशेब खोटा आहे. दुसऱ्याच्या खात्यातून खर्च केलेलं वैराग्य, आणखी काय! आपल्याकडे हे पूर्वीपासून चालत आलंय. नवऱ्याची बदली झाली की बायकोने सामान बांधायचं. वर्क फ्रॉम होम आल्यावर ते थोडं बदलेल असं वाटलं होतं. निदान आमच्या घरात तरी बदलावं.

आईबाबांचंही तसंच. "आता तुमच्याजवळ राहता येईल" असं मी फोनवर म्हणालो. बाबा म्हणाले, "ये की. फक्त भाडं वाचवायला येतोयस का आमच्यासाठी, ते तुझं तू ठरव. आम्हाला दोन्ही चालेल." नंतर कळलं की वरचा मजला तितकासा रिकामा नाहीच. दर एकादशीला आईचं भजनी मंडळ तिथे बसतं, पंधराएक बायका, टाळ-पेटीसकट. शीटमध्ये त्या मजल्याचं भाडं शून्य लिहिलेलं आहे.

वेगळं घर घेऊ म्हटलं तर आणखी एक गोष्ट येते. पुण्याच्या पगारात कराडला 14,000 भाडं आम्ही घासाघीस न करता देऊ. उद्या तोच त्या गल्लीचा भाव होईल, आणि तिथल्या शाळेतल्या शिक्षकाला किंवा दुकानात काम करणाऱ्या मुलाला तो द्यावा लागेल. गोव्यात आसगाव, शिवोलीकडे 2020 नंतर बाहेरची माणसं लॅपटॉप घेऊन राहायला आली, भाडी चढली, आणि गावातल्याच माणसांना गावात घर मिळेना, अशी तिथल्या लोकांची तक्रार आहे. ज्या महागाईला कंटाळून निघायचं, तीच सोबत घेऊन जायची. एका कुटुंबाने फार फरक पडत नाही हे खरं, पण प्रत्येक कुटुंब हेच म्हणणार. आणि आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी भाड्यापायीच गेल्या वर्षी लांब राहायला गेल्या, आता दोन बस बदलून येतात. त्यांना वर्क फ्रॉम होम नाही. आम्ही गेलो तर त्यांच्या पाच घरांतलं एक घर जाईल.

वनपर्वात यक्ष युधिष्ठिराला विचारतो, सुखी कोण? युधिष्ठिर म्हणतो, जो पाचव्या-सहाव्या दिवशी का होईना, आपल्या घरी साधी भाजी शिजवून खातो, ज्याच्या डोक्यावर ऋण नाही आणि ज्याला परमुलखात राहावं लागत नाही, तो. बारा वर्षांच्या वनवासाच्या शेवटी तो हे बोलतोय, त्यामुळे त्याला वजन आहे. ऋण नको आणि परका मुलूखही नको. आयटीत नोकरी करणाऱ्या आमच्यासारख्यांना या दोन्ही अटी एकाच वेळी पाळणं कठीणच. पुण्यात घर घेतलं तर पहिली मोडते, भाड्याने राहिलो तर दर 11 महिन्यांनी दुसरीची आठवण होते.

तर सध्या ठरलंय ते असं. 80 लाखांचं कर्ज घ्यायचं नाही. 69,000चा हप्ता सुरू झाला की नोकरी सोडायची भीती 20 वर्षांसाठी घरात राहायला येते, आणि ती आली की स्थिर बुद्धी जाते, असं मला माझ्याबद्दल ठामपणे वाटतं. तुमचं वेगळं असेल. घरमालकांशी बोलून 33,000वर आलोय, अजून 11 महिने इथेच. महिन्यातले आठ-दहा दिवस मी एकटा कराडला जाऊन तिथून काम करेन, बाबांच्या डोळ्यांच्या तपासण्या त्यात होतील. एकादशीला लॅपटॉप घेऊन खाली बसायचं, हे आईने आधीच सांगून ठेवलंय. दिवाळीच्या सुट्टीत बायको तिथल्या दोन हॉस्पिटलमध्ये जाऊन बघणार आहे, तिच्या कामाला तिथे जागा आहे का. तिने "नाही" म्हटलं तर कराडचा कॉलम मी पुसणार आहे, हे तिला सांगितलंय. ती म्हणाली, पुसू नकोस, खाली ठेव.

उद्या श्लोक 20, अध्यायाचा शेवटचा.

राम कृष्ण हरी.