आवाज कुणाचा?

“मफलर बदलला,” असं फोनवर सांगितल्यावर आई म्हणाली, “बरं केलंस. जुना उसवला होता का? तिकडे थंडी फार.” आई वाईला, मी मिशिगनमध्ये अ‍ॅन आर्बरला. खुलासा करायला दहा मिनिटं लागली. आपल्याकडे ज्याला सायलेन्सर म्हणतात त्यालाच इथं मफलर म्हणतात. तो मी गाडीचा बदलला. चांगला होता तरी बदलला, आवाज वाढावा म्हणून बदलला. इथं आई अडखळली. “वाढावा म्हणून?” मग थोड्या वेळानं म्हणाली, “अण्णा असते तर त्यांनी विचारलं असतं हो तुला.”

काय विचारलं असतं, ते तिनं सांगितलं नाही. मला ठाऊक होतं.

गाडी म्हणजे १९९६ सालची लाल माझ्दा मियाटा. दोन माणसांची, कापडी छताची, चार सिलिंडरांची. मुलगी कॉलेजला गेली त्या वर्षी घेतली. माझ्या वयाच्या बायका मुलं घराबाहेर पडली की विपश्यनेला जातात; मी हिच्यात जाऊन बसले. गाडी गुणाची, पण आवाज शहाण्या मुलीसारखा. मियाटावाल्या मंडळींत ज्याला भेटावं तो एकच सल्ला देई : कारखान्यानं हिचा गळा आवळून ठेवलाय, तो मोकळा कर, म्हणजे हिचा खरा आवाज ऐकू येईल.

त्या ‘खरा’ शब्दानं माझा घात केला.

इप्सिलँटीत एक म्हातारा मेकॅनिक आहे. त्याच्या दुकानात सायलेन्सरखेरीज दुसरं काही नाही. त्यानं गाडी वर उचलली, गंजलेले दोन बोल्ट गॅसच्या ज्योतीनं लालभडक केले आणि पाना लावला. एक सुटला, एक तुटला. रबरी कड्यांतून डबा खाली आला तेव्हा त्यातून चहाच्या पेल्याएवढं काळं पाणी सांडलं. जळलेल्या पेट्रोलमधून वाफ होते, ती थंड डब्यात साठते आणि डबा आतून कुजतो. भिंतीवर त्यानं एक डबा उभा कापून टांगला होता. आत खोल्या, खोल्यांमध्ये भिंती, भिंतींतून भोकं पाडलेल्या नळ्या. एका खोलीतून परतलेली लाट पुढून येणाऱ्या लाटेवर आपटते आणि दोघी मिळून विझतात. मी नेलेला नवा डबा साधा होता : एक सरळ जाळीदार नळी, भोवती काचतंतूंचा कापूस. तो हातात घेऊन म्हातारा म्हणाला, “इंजिनाला फक्त धडाके करता येतात. गाणं या डब्यात असतं.”

हे वाक्य मी ऐकलं आणि मला वाईच्या घरातला झोपाळा दिसला.

अण्णा म्हणजे माझे आजोबा, वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेले. मे महिन्याच्या सुट्टीत नातवंडांना धरून ते अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ शिकवत. बाकीची भावंडं आंब्यांच्या अढीकडे पळत. मी सापडत असे. त्यात शब्द म्हणजे कुठलाही आवाज : कानानं कळणारा गुण, आणि तो गुण आकाशाचा. तो उपजतो तीन तऱ्हांनी. एक संयोगानं, म्हणजे नगाऱ्यावर टिपरी पडली की. दुसरा विभागानं, म्हणजे बांबू उभा चिरताना दोन फाकी एकमेकींपासून सुटतात तेव्हा. आणि तिसरा शब्दातूनच : पहिला शब्द दुसऱ्याला जन्म देतो, दुसरा तिसऱ्याला, असे करत शेवटचा आपल्या कानात जन्मतो. पाण्यावरच्या लाटांसारखा एका पाठोपाठ एक, की कदंबाच्या कळीसारखा एकदम सगळ्या दिशांनी, यावर नैयायिकांत, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांत, दोन पक्ष आहेत. अण्णांना कदंब आवडायचा. मी अकरा वर्षांची होते. यातलं काही कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. पडलं ते इप्सिलँटीत, गाडीखाली उभी असताना.

कारण धुराड्याचा आवाज हा चोख विभागज शब्द आहे. सिलिंडरातली झडप आपल्या बैठकीवरून उठते, कोंडलेला तापलेला वायू एकदम सुटतो, आणि शब्द होतो. बांबू चिरावा तसा. चार सिलिंडरांच्या इंजिनात हे एका फेऱ्याला दोनदा घडतं. मिनिटाला ३००० फेरे असले तर सेकंदाला शंभरदा. शंभर ठोके कानाला मोजता येत नाहीत, म्हणून तो त्यांचा सूर करतो. साताऱ्याचा माझा भाचा बुलेट चालवतो. तिचं एकच सिलिंडर, आणि ती दोन फेऱ्यांत एकदाच बोलते. उभी असताना हजारएक फेरे धरले तर सेकंदाला आठ ठोके. तेवढे कानाला जवळजवळ मोजता येतात, म्हणून ती धडधड. विभाग तोच, तिथं पखवाज होतो, इथं तानपुरा.

पुन्हा त्या ‘खऱ्या’ आवाजाकडे येते. मी दुकानात शिरले ती मीमांसक म्हणून. मीमांसकांचं म्हणणं असं की शब्द नित्य आहे. आपण बोलतो तेव्हा तो निर्माण होत नाही, फक्त प्रकट होतो. अंधारातला घडा दिव्यानं दिसावा तसा. (अण्णा इथं हात वर करून थांबवत. नित्यत्वाचा हा दावा वर्णांसाठी, वेदांसाठी. ढोलताशाला मीमांसकही नित्य म्हणत नाहीत. मान्य. मी युक्तिवादाचा फक्त साचा उसना घेतेय.) माझ्या मनात हेच होतं : मियाटाचा आवाज आत आधीपासून आहे, वरचं झाकण काढलं की तो दिसेल. दुकानातून बाहेर पडले ती नैयायिक होऊन. आत काही नव्हतंच. जो झाला तो त्या नळीत, त्या कापसात, त्या क्षणी झाला आणि पुढच्या क्षणी मेला. पुढे असंही कळलं की १९८९ साली शिकागोत ही गाडी पहिल्यांदा दाखवली, त्याआधी माझ्दाच्या लोकांनी जुन्या इंग्लिश टू-सीटर गाड्या डोळ्यांपुढे ठेवून हिच्या धुराड्याचा सूर मुद्दाम जुळवला होता. म्हणजे मी काढून टाकला तो आवाजही कुणीतरी बसवलेलाच होता. गळा कुणी आवळला नव्हता, गळा बनवला होता.

इथं डेट्रॉइटच्या परिसरात या गोष्टीचं टोक गाठलेलं आहे. डॉजनं चार्जर डेटोना ही विजेवरची गाडी काढली. तिला इंजिन नाही, धूर नाही, झडप नाही. तरी मागच्या अंगाला एक पोकळ पेटी आणि ध्वनिवर्धक बसवून धुराड्याची डरकाळी काढतात. ‘फ्रॅट्झॉनिक’ असं त्या यंत्रणेला नावही आहे. आघातावाचून होणारा नाद तो अनाहत, हे आपण योग्यांकडून ऐकत आलो. त्यांनी तो हृदयाशी शोधला. तो मागच्या बंपरपाशी निघाला. मी या गाडीला पोट धरून हसले. मग माझ्या काचतंतूंच्या कापसाची आठवण झाली आणि हसू आवरलं.

पुण्यात शिकत असताना पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या वेळी भरत नाट्य मंदिरात आम्ही घसा फुटेस्तोवर ओरडायचो, “अरे, आवाज कुणाचा?” पाठोपाठ आपल्या कॉलेजचं नाव. प्रश्न विचारायचा तो उत्तर आधीच हातात घेऊन. माझा आवाज, माझ्या गाडीचा आवाज, हेही मी तसंच म्हणत होते. न्यायशास्त्र मात्र ते मान्य करत नाही. शब्द हा ढोलाचा गुण नव्हे, इंजिनाचा नव्हे, मालकिणीचा तर नव्हेच. तो आकाशाचा गुण. आकाश एकच, सगळीकडे भरलेलं, आणि माणसाचं श्रवणेंद्रिय म्हणजे कानाच्या पोकळीत अडकलेलं तेच आकाश. झोपाळ्यावर हे मी पाढ्यासारखं म्हणायची. त्याचा अर्थ कळायला चाळीस वर्षं गेली, आणि शेवटी तो नवऱ्यानं समजावला, तोही नकळत.

एका शनिवारी सकाळी नऊ वाजता तो मियाटा घेऊन कोथिंबीर आणायला गेला. मी स्वयंपाकघरात होते. खिडकीतून आवाज आला, आणि क्षणभर मला वाटलं की शेजारी कुणी पानं झाडायचं पेट्रोलचं यंत्र चालू केलं. बेसूर, अंगावर येणारं, लांब गेलं तरी न संपणारं काहीतरी. ही माझीच गाडी! तीन महिने मी तिला फक्त आतून ऐकलं होतं : छत उघडं, केसांत वारा, ह्यूरॉन नदीकाठचा वळणांचा रस्ता. बाहेरून कधीच नाही. चालवणाऱ्याला ते ऐकताच येत नाही. नैयायिक म्हणतात की शेवटचा शब्द ज्याच्या त्याच्या कानात वेगळा जन्मतो. हे मी शास्त्री लोकांचं कीस पाडणं समजत होते. मला तानपुरा मिळत होता आणि त्याच दमात गल्लीला मी दुसरंच काही पाठवत होते.

पलीकडच्या घरात एक नर्स राहते. रात्रपाळी करते, सकाळी आठला येते, पडदे ओढून झोपते. तिनं कधी तक्रार केली नाही. मीच जाऊन विचारलं. ती हसून म्हणाली, “लाल गाडी ना? तू निघालीस की मला कळतं.” बस्स, एवढंच. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

आवाज करणारा आणि तो दाबणारा एकाच घरातले असू शकतात. स्वयंचलित मशीनगन शोधणारा हायरम मॅक्सिम स्वतःच्याच बंदुकांनी जवळजवळ बहिरा झाला. त्याच्या मुलानं, हायरम पर्सी मॅक्सिमनं, १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट मिळवलं आणि तीच युक्ती इंजिनांनाही लावली. मला ही बापलेकांची जोडी पुराणातली वाटते. आपल्याकडे पुण्या-नागपुरात पोलीस जप्त केलेले फटाका सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरवतात. भाच्यानं तसला एक व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, “मावशी, आवाजच नको तर बुलेट कशाला?” त्याला मी उपदेश केला नाही. कुठल्या तोंडानं करणार?

पण एवढं लिहिलं. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य घर सोडून निघतो तेव्हा मैत्रेयीला सांगतो की वाजणाऱ्या दुंदुभीचे बाहेर पडलेले आवाज पकडू म्हटलं तर पकडता येत नाहीत. दुंदुभी धरावी, नाहीतर वाजवणारा धरावा. तो आत्म्याविषयी बोलत होता, हे मला माहीत आहे. तरी मला त्यात पेट्रोलच्या पेडलवरचा उजवा पाय दिसतो. आवाज आकाशाचा म्हणून मी सुटत नाही. पाय कुणाचा, हे अण्णांनी विचारलंच असतं. भाच्याचं उत्तर आलं : हसरा चेहरा, शेजारी बुलेट.

मी पुन्हा इप्सिलँटीला गेले. जुना डबा परत लावायला म्हातारा तयार नव्हता. तो आतून पार सडलाय, म्हणाला. त्यानं मधल्या नळीत एक छोटा रेझोनेटर जोडला. ३००० फेऱ्यांच्या आसपास जो घुमत होता तो भाग बराचसा गेला. थोडा राहिला आहे, आणि मला तो आवडतो, हे कबूल केलं पाहिजे. जुना मफलर गॅरेजात पडून आहे. हलवला की आतला गंज खुळखुळतो.

नर्सबाईंची सुट्टी बुधवारी आणि रविवारी असते. त्या दोन रात्री त्या घरी झोपतात, दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात कॉफी पीत बसतात. मियाटा मी गुरुवारी आणि सोमवारी काढते.